करार पूर्ण करून जाणाऱ्या खेळाडूला दोष कशासाठी?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी जानेवारी उजाडला की क्रीडा पानांवर एक ठरावीक बातमी येऊ लागते. अमुक फुटबॉलपटूचा करार मे किंवा जूनअखेर संपतो आहे, मुदतवाढीच्या कागदावर त्याने अजून सही केलेली नाही आणि दुसऱ्या क्लबशी त्याचे बोलणे चालू आहे, एवढाच तिचा मजकूर असतो. मथळ्यात मात्र ‘पाठ फिरवली’, ‘साथ सोडली’ आणि आता तर सर्रास ‘गद्दारी’. बातमी माद्रिदची असो वा कोलकात्याची, सूर बदलत नाही. या सुराविषयी माझी तक्रार आहे. कराराची मुदत पुरी करून निघून जाणारा खेळाडू कोणालाही फसवत नाही. त्याला मोबदल्याविना जाऊ देण्याचा निर्णय बहुतेक वेळा क्लबनेच दीड-दोन वर्षे आधी, कधी हिशेब करून तर कधी निव्वळ चालढकल करून घेतलेला असतो, आणि त्या निर्णयाचा बातमीत मागमूसही नसतो.

फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो आणि अठरा वर्षांखालील खेळाडूचा तीन वर्षांचा. करार संपण्यास सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करण्याची मुभा असते. ही मुभा चोरवाट नाही, ती नियमपुस्तकात छापलेली आहे आणि क्लबला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. हिंजवडीतला एखादा अभियंता नोटीस कालावधीत दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर खिशात घालून हिंडतो तेव्हा त्याच्या घरावर कोणी मोर्चा नेत नाही. फुटबॉलपटू तर बहुधा त्याच्यापेक्षाही सरळ वागतो, कारण तो ठरलेली मुदत पूर्ण करून जातो.

ही मुभा कशी मिळाली, तो इतिहास विसरला जाऊ नये. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बोसमन १९९० साली आरएफसी लिएज या क्लबशी असलेला करार संपवून बसला होता. क्लबने त्याला नव्या करारात दरमहा १,२०,००० ऐवजी ३०,००० बेल्जियन फ्रँक देऊ केले. त्याने नकार देऊन फ्रान्समधील डंकर्कला जायचे ठरवले, तर त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, करार संपलेला असूनही, जुना क्लब त्याच्यासाठी किंमत मागू शकत होता. त्या व्यवहारात बोसमन अडकला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपल्यावर युरोपीय संघाच्या (ईयू) देशांत मोफत, म्हणजे जुन्या क्लबला किंमत न देता, दुसऱ्या क्लबकडे जाण्याचा हक्क खेळाडूंना मिळाला. पगार चौथाईवर आणायचा आणि वर सोडायचेही नाही, हा प्रकार त्या निकालाने संपवला. त्या निकालावर पुढच्या पिढीतल्या खेळाडूंनी कोट्यवधी कमावले. खुद्द बोसमनच्या हाती फारसे काही लागले नाही, ही या प्रकरणाची कडवट बाजू.

आता डावपेचांविषयी. कराराची दोन वर्षे शिल्लक असलेल्या खेळाडूला बाजारात भाव असतो, वर्ष उरले की तो उतरतो आणि शेवटच्या सहा महिन्यांत जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून दोन वर्षे उरलेली असताना क्लबपुढे दोन सरळ वाटा असतात : मान्य होईल अशी मुदतवाढ द्यावी, नाहीतर भाव असताना विकावे. तिसरी वाट थांबण्याची. खेळाडू जखमी झाला, त्याचा खेळ खालावला किंवा वयाने मार खाल्ला तर मोठ्या पगाराचे ओझे टळते, हा थांबण्यामागचा फायदा असतो. हा जुगार क्लब स्वखुशीने खेळतो. तो हरल्यावर मात्र निष्ठेची आठवण काढली जाते.

लिव्हरपूलचे २०२५ मधले प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड सहाव्या वर्षापासून त्या क्लबमध्ये होता, क्लबबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला आणि दोनदा प्रीमियर लीगही. करार ३० जून २०२५ ला संपणार होता आणि तो रेआल माद्रिदला जाणार हे जाहीर झाले. ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा अॅनफिल्डवरच्या घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मात्र त्याच जूनमध्ये मोहम्मद सलाह आणि कर्णधार व्हर्जिल व्हॅन डाइक यांचेही करार संपत होते. संघाचे तीन खांब एकाच महिन्यात मोकळे होण्याच्या बेतात येतात, याला व्यवस्थापन म्हणायचे की ढिलाई? सलाहने नोव्हेंबर २०२४ मध्ये वार्ताहरांपुढे उघड सांगितले की क्लबकडून आपल्याला अजून प्रस्तावच आलेला नाही. तेही अर्थात दबावतंत्रच होते, आणि ते लागू पडले. एप्रिलमध्ये दोघांनाही २०२७ पर्यंतची मुदतवाढ मिळाली. अलेक्झांडर-अर्नोल्डचे गणित वेगळे होते आणि तो गेला. क्लब विश्वचषकासाठी तो महिनाभर आधी मिळावा म्हणून माद्रिदने लिव्हरपूलला सुमारे एक कोटी युरो दिल्याचे वृत्त होते. म्हणजे लिव्हरपूलची झोळी अगदीच रिकामी राहिली नाही. हुर्यो मात्र एकट्या खेळाडूच्या वाट्याला आली.

खेळाडू भोळेभाबडे असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. किलियन एमबाप्पेने मे २०२२ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनशी २०२४ पर्यंतचा करार केला आणि पुढच्या एका वर्षाचा पर्याय स्वतःच्या हाती ठेवला. जून २०२३ मध्ये तो पर्याय वापरणार नसल्याचे पत्र त्याने क्लबला पाठवले. विक्रीची किंमत पडल्यावर जाणाऱ्या खेळाडूला नव्या क्लबकडून सहीची घसघशीत रक्कम मिळते, कारण हस्तांतराचे वाचलेले पैसे दोघांत वाटले जातात आणि एजंटालाही त्यातला वाटा मिळतो. हा हिशेब एमबाप्पेने केला असेल तर त्यात नवल ते काय? क्लबने काय केले तेही पाहावे. त्याला जपान आणि दक्षिण कोरियाच्या दौऱ्यातून वगळले, मुख्य संघाबाहेर ठेवलेल्या खेळाडूंबरोबर सराव करायला लावले आणि हंगामाच्या पहिल्या लीग सामन्यात संघाबाहेर ठेवले. तो जून २०२४ मध्ये माद्रिदला गेल्यानंतर थकलेल्या पगार आणि बोनसपोटी त्याने साडेपाच कोटी युरोंचा दावा लावला. या रकमा सोडण्याचे त्याने कबूल केले होते, असे क्लबचे म्हणणे होते. डिसेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या कामगार न्यायालयाने क्लबलाच सुमारे सहा कोटी युरो देण्याचा आदेश दिला. भोसरीतील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी आयुष्यभर नोकरी केली, त्यामुळे असे निकाल मी जरा जास्तच रस घेऊन वाचतो. कामगार म्हटल्यावर डोळ्यांपुढे तेलकट कपडे येणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांनीही, जगातला एक अत्यंत महागडा फुटबॉलपटू थकीत पगारासाठी कामगार न्यायालयाची पायरी चढतो, हे लक्षात घ्यावे.

पुढच्या क्लबशी सही झालेला खेळाडू उरलेल्या महिन्यांत अंग चोरतो, हा आक्षेपही नेहमी ऐकू येतो. रॉबर्ट लेवांडोव्स्कीने जानेवारी २०१४ मध्ये बायर्न म्युनिकशी करार केला तेव्हा डॉर्टमुंडकडे त्याचा अर्धा हंगाम शिल्लक होता. त्याच हंगामात डॉर्टमुंडसाठी २० गोल करून तो जर्मन लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, आणि तेही बायर्न हाच डॉर्टमुंडचा कट्टर प्रतिस्पर्धी असताना. उलट बाजूने लिओनेल मेस्सीचे उदाहरण घ्यावे. तेराव्या वर्षी बार्सिलोनात आलेला हा माणूस २०२१ मध्ये निम्म्या पगारावर राहायला तयार होता. पण क्लबने स्वतःचा ताळेबंदच एवढा बिघडवून ठेवला होता की स्पॅनिश लीगच्या पगारमर्यादेत त्याची नोंदणी बसेना. मेस्सी रडत पत्रकार परिषदेत बसला आणि पॅरिसला गेला. निष्ठा तिथे होती, तिचा उपयोग झाला नाही.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळातील व्यवस्था आणखी कडक आहे. १९९३ पासून तिथे खेळाडूंना खुलेपणाने संघ बदलण्याचा हक्क मिळाला, पण त्याच वेळी संघमालकांनी ‘फ्रँचाइझ टॅग’ नावाचे हत्यार मिळवले. करार संपलेल्या एका खेळाडूला ठरावीक मोठ्या रकमेवर आणखी एका वर्षासाठी अडवून ठेवता येते आणि दीर्घ कराराची हमी टाळता येते. पिट्सबर्गच्या ली’व्हियॉन बेलने २०१८ मध्ये या टॅगखाली खेळायलाच नकार दिला आणि सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडून तो हंगामभर घरी बसला. त्यालाही संघद्रोही म्हणणारे होतेच. त्या लीगमधील बहुतेक करारांची पूर्ण रक्कम हमीची नसते आणि संघ खेळाडूला मध्येच काढू शकतो, हे म्हणताना कोणी सांगत नाही.

आपल्याकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण अन्वर अलीचे, आणि ते मुद्दाम वेगळे काढले पाहिजे. दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे चार वर्षांच्या लोनवर (म्हणजे उसना दिलेला) असताना २०२४ मध्ये त्याने तो करार एकतर्फी संपवला आणि थेट कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालशी पाच वर्षांची सही केली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला चार महिने बंदी घातली, आणि अन्वर, ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी यांना मिळून १२ कोटी ९० लाखांची भरपाई द्यायला सांगितले. आदेशाला पुरेशी कारणमीमांसा नव्हती, या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात तो टिकला नाही आणि सुनावणी नव्याने करण्याचे ठरले. हे मुदतीच्या मध्येच करार तोडण्याचे प्रकरण आहे आणि त्यावर कडक टीका व्हायलाच हवी. पण करार पूर्ण करून गेलेल्या खेळाडूलाही त्याच मापाने मोजायचे, हा अन्याय झाला. मुदत संपवणे आणि मुदत मोडणे यांतला फरक बातमीदाराने तरी पाळावा.

पुण्याच्या प्रेक्षकाला तर निष्ठेचे धडे कोणी देऊच नयेत. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातील अव्वल लीगमध्ये, उपविजेता होता आणि दोनच वर्षांनी त्याचा वरिष्ठ संघ दिसेनासा झाला. भारत एफसी एक हंगाम खेळून आटोपला. डीएसके शिवाजीयन्स २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये आला नाही. उरला इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीत बंगळुरूविरुद्धच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना गोलशून्य सुटला, तो मी गॅलरीतून पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत नारिंगी जर्सी घातलेले एक आजोबा आपल्या नातवाला, पुण्याचा मार्सेलिन्यो चेंडू पायात नसताना कुठे सरकतो, ते बोटाने दाखवत होते. परतीचा सामना बंगळुरूच्या सुनील छेत्रीच्या तीन गोलांमुळे ३-१ ने हातचा गेला, तरी पुढच्या वर्षाची आशा होती. २०१९ मध्ये मालकांनी क्लब आवरता घेतला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. प्रशिक्षक फिल ब्राऊन आणि बरेच खेळाडूही त्याच जागेबरोबर तिकडे गेले. हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपद मिळवले. दोन वर्षांत तिथे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घेण्यास बंदी केली, परदेशी खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ मध्ये संपूर्ण हंगामात एकच सामना जिंकून तो संघ तळाला राहिला. २०२५ मध्ये तीच जागा नव्या मालकांबरोबर आणि नव्या नावाने दिल्लीला पोहोचली. पुणे, हैदराबाद, दिल्ली असा प्रवास केलेल्या या क्लबला ‘गद्दार’ म्हणणारा मथळा माझ्या तरी वाचनात आला नाही.

याच एफसी पुणे सिटीने २०१५ च्या लिलावात युजिनसन लिंगडोहला १ कोटी ५ लाख रुपयांना घेतले होते. लिलावात बोली लावणारा ठरवतो, खेळाडूला शहर निवडता येत नाही. ज्याला नेमून दिलेल्या शहरात खेळायला लावले, त्याच्याकडून त्या शहराशी जन्मजन्मांतरीच्या नात्याची अपेक्षा करणे जरा जास्तच झाले. कोल्हापूरची गोष्ट निराळी. पाटाकडील किंवा दिलबहार या तालीम संघांच्या मागे पेठ उभी असते, आणि शाहू स्टेडियमवरची ती ओढ व्यावसायिक करारातून आलेली नाही. ती ओढ पगारी कराराच्या खेळाडूकडून मागायची, तर आधी क्लबने पेठेसारखे जागच्या जागी राहून दाखवावे.

२०२५ च्या उन्हाळ्यात तर करार चालू असलेल्या खेळाडूंचीही परीक्षा झाली. महासंघ आणि इंडियन सुपर लीगचे आयोजक यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता, नव्या कराराचा पत्ता नव्हता आणि लीग लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. त्यात मालकांचीही अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. पण करार एकाच बाजूने थांबवता येतो, हे त्या खेळाडूंनी अनुभवले. फिफाच्या नियमांत, दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करार रास्त कारणाने संपवता येतो. ही तरतूद आपल्याकडच्या किती खेळाडूंना माहीत असते, याविषयी मला शंका आहे.

ही शंका वाऱ्यावरची नाही. आमच्या सोसायटीतील एका मुलाने मध्यंतरी एका क्लबशी करार केला आणि त्याचे वडील ती प्रत घेऊन माझ्याकडे आले. करार इंग्रजीत, बारीक टायपात, आणि सही आधीच झालेली. एका कलमानुसार क्लबला कराराची मुदत त्याच पगारावर आणखी एक वर्ष वाढवता येत होती आणि त्यासाठी मुलाची संमती लागणार नव्हती. दुसऱ्या कलमानुसार दुखापत लांबली तर क्लब महिनाभराच्या नोटिशीवर करार संपवणार, पण मुलाने सोडायचे तर भरपाई द्यायची. कारखान्यात असा मसुदा मी युनियनसमोर ठेवला असता तर त्याच दिवशी गेटसभा झाली असती. एकतर्फी मुदतवाढीच्या अशा कलमांकडे फिफाच्या निवाडा यंत्रणेने अनेकदा संशयाने पाहिले आहे. मात्र तिथवर जायला वकील लागतो, आणि वकिलाची फी त्या मुलाच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी. वडिलांनी मला विचारले ते एवढेच की, ‘आता काही करता येईल का?’ मी त्यांना त्या एका वर्षाच्या पर्यायाची तारीख वहीत लिहून ठेवायला सांगितली.

मोफत जाण्यामुळे खरे नुकसान कोणाचे होते, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे आणि तो जवळजवळ कधीच विचारला जात नाही. मोठा क्लब पुढच्या हंगामात दुसरा बचावपटू आणतो. तोटा होतो तो ज्यांनी मुलाला बाराव्या वर्षी बूट दिले, त्यांचा. करार चालू असताना हस्तांतर झाले, तर त्या रकमेतील पाच टक्के, खेळाडू बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांत शिकला, त्यांच्यात वाटण्याची फिफाची पद्धत आहे. हस्तांतराची रक्कमच नसेल तर पाच टक्के कशाचे काढणार? प्रशिक्षणाचा वेगळा मोबदला असतो, परंतु तोही तेविसाव्या वर्षापर्यंतच. पंचविशीतला खेळाडू करार संपवून फुकट गेला की जुन्या अकादमीला काहीही मिळत नाही. पुण्याने आशिक कुरुनियनसारखा खेळाडू घडवला. पुणे एफसीच्या अकादमीतून तो आला, एफसी पुणे सिटीकडून खेळला आणि २०१९ मध्ये बंगळुरूला गेला. आज त्याच्या कोणत्याही व्यवहारातला वाटा मागायला पुण्यात ना ती अकादमी त्या रूपात उरली आहे, ना तो क्लब. धोबीघाटच्या मैदानावर रोज सकाळी मुलांना पळवणाऱ्या छोट्या क्लबांना तर आपली नोंदणीची कागदपत्रे जपून ठेवली पाहिजेत, हेही कोणी सांगत नाही. वाटा मागताना मुलगा कोणत्या हंगामात आपल्याकडे नोंदलेला होता, हे कागदावर दाखवावे लागते.

तेव्हा क्रीडा विभागाला माझी विनंती अशी आहे. खेळाडू संघ सोडतो आहे अशी बातमी देताना करार केव्हा झाला, किती वर्षांचा होता, क्लबने मुदतवाढीचा प्रस्ताव कधी दिला किंवा दिलाच नाही, आणि मागच्या उन्हाळ्यात विक्रीची बोली आली होती का, एवढे शक्य तिथे छापावे. माहिती मिळत नसेल तर क्लबने ती दिली नाही, असे लिहावे. शिवाय पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमधून पुढे गेलेल्या मुलांच्या करारांविषयी आणि त्यांच्या पहिल्या क्लबांना काही मिळाले का याविषयी एखाद्या वार्ताहराने महिनाभर हिंडून लिहिले, तर कराराची प्रत घेऊन माझ्यासारख्याच्या दारात येणाऱ्या पालकांना ते सहीपूर्वी वाचायला मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे